एकदा घातलेली जीन्स

नव्या फ्लॅटच्या इंटिरियरचं काम घ्यायच्या आधी मी त्या माणसांच्या जुन्या घरी एक चक्कर मारते. चहा होतो, मोबाइलमध्ये जमवलेले फोटो बघून होतात, 'मॅडम, एकदम हॉटेलसारखं पाहिजे' हेही होतं. मग मी म्हणते, बेडरूम बघू का जरा? ताई आधी धावत आत जाऊन पलंगावरची चादर सारखी करतात. मला चादर बघायचीच नसते. मी आत गेल्यावर दार लोटते आणि दाराच्या मागे बघते.

तिथं एक खिळा असतो, नाहीतर चिकटवलेला प्लास्टिकचा हूक. त्या एका हुकावर काल ऑफिसला घातलेली जीन्स, तिच्यावर पंचा, पंच्यावर गाऊन, गाऊनवर काकांची शबनम, आणि सगळ्यांच्या वर पिशव्यांनी फुगलेली पिशवी. हूक एका बाजूनं सुटलेला. एवढ्या ढिगाऱ्यामुळे दार पुरतं उघडत नाही, म्हणून घरातले सगळे वर्षानुवर्षं अंग चोरून आत शिरतात, आणि त्यांना ते जाणवतही नाही. तीन लाखांच्या मॉड्युलर किचनची स्वप्नं बघणारी माणसं रोज स्वतःच्याच खोलीत आडवी होऊन शिरतात, याची मला गंमत वाटते.

'तुमची स्टाइल कोणती?' असं हल्ली पहिल्या भेटीतच विचारतात. मॉडर्न, बोहो, जपांडी असलं काहीतरी उत्तर अपेक्षित असतं. मी 'खुंटी' म्हणते. लोक हसतात. काही जण दुसऱ्या डिझायनरकडे जातात.

पण माझं खरंच तसं मत आहे. धुतलेल्या कपड्याला कपाट असतं आणि मळलेल्याला वॉशिंग मशीन. एकदा घातलेल्या जीन्सला मात्र कुणीच वाली नसतो. ती धुवावी इतकी मळलेली नाही आणि घडी करून इस्त्रीच्या शर्टांशेजारी ठेवावी इतकी सोवळीही नाही. असल्या मधल्या वस्तूंनीच घरं भरलेली असतात. कॅटलॉगमधल्या घरात त्या नसतात, हॉटेलातही नसतात. दोन दिवसांच्या पाहुण्याला पसारा करायला वेळ कुठून मिळणार? (आणि तोही दुसऱ्या दिवशी खुर्चीवर कपडे टाकायला लागतोच.) खोलीतली एक खुर्ची हळूहळू बसायची राहत नाही, ती कपड्यांची होते. मग घरात भांडणं होतात, 'जिथल्या तिथं ठेवायला काय होतं?' 'जिथं' असं काही त्या वस्तूला दिलेलंच नसतं, हा मुद्दा भांडणात कुणाच्या लक्षात येत नाही.

त्यातून नाशिकची हवा. डिसेंबरात पहाटे कृषिनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जाताना स्वेटर, मफलर, कानटोपी सगळं लागतं आणि साडेदहाला तेच अंगाला टोचायला लागतं. निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो त्या दिवसांत इथल्या प्रत्येक घरात माणशी एक स्वेटर दिवसभर बेवारस फिरत असतो, सोफ्याच्या पाठीवर, डायनिंगच्या खुर्चीवर, टीव्हीच्या कोपऱ्यावर. पावसाळ्यात रेनकोट ठिबकत असतात. आणि आपल्याकडे बारा महिने पाहुणे. त्र्यंबकला आलेला मुक्कामाला इकडे, काळारामाला आलेला जेवायला इकडे. पहाटे रामकुंडावर बुडी मारून आलेली आत्या ओल्या साडीची पिशवी हातात धरून दारात विचारते, 'ही कुठं ठेवू गं?' इटालियन मार्बल घातलेल्या हॉलमध्ये या प्रश्नाला उत्तर नसतं. गेल्या सिंहस्थात, २०१५ साली, कितीतरी घरांच्या बाल्कन्यांत भगवी, पांढरी, काठापदराची सगळी वस्त्रं एका दोरीवर नांदली. पुढचा सिंहस्थ तोंडावर आहे आणि लोक मला फॉल्स सीलिंगमधल्या लाइटबद्दल विचारताहेत.

आमच्या आजोबांचं घर जुन्या नाशकात, गंगेच्या (म्हणजे गोदावरीच्या) बाजूला. वाडा म्हणावा इतका मोठा नाही, पण बांधणी त्याच चालीची. भिंती हातभर जाड, आणि जाड असल्यामुळे त्या रिकाम्या नव्हत्या. दिव्याला कोनाडा, देवाला देवळी, लोणच्याच्या बरण्यांना फडताळ, सगळं भिंतीच्या पोटात. आणि ठिकठिकाणी बाहेर आलेल्या लाकडी खुंट्या. आजोबांची टोपी आणि उपरणं ओसरीतल्या पहिल्या खुंटीवर. ती खुंटी रिकामी दिसली की ते बाहेर गेलेत हे न विचारता कळायचं. आजीचं सोवळं वर वलणीवर, आणि ते चढवायला-उतरवायला वेगळी काठी, म्हणजे कुणाचा हात लागायला नको. बाहेरून आल्यावर अंगातलं काढून अडकवायची खुंटी वेगळी, आंघोळीनंतरची वेगळी. 'घातलेला पण मळलेला नाही' याच्यासुद्धा पायऱ्या पाडून प्रत्येक पायरीला भिंतीवर जागा दिलेली. सोवळ्यातलं विटाळाचं प्रकरण मला अजिबात प्रिय नाही. बायकांचा त्यात किती जीव गेला हे मी घरात पाहिलंय, आणि त्या घरातला अंधार, उंदीर, शेवटच्या टोकाला असलेला एकच संडास याचंही मला कौतुक नाही. पण वस्तूच्या अवस्थेप्रमाणे तिची जागा, एवढा भाग मी उचललाय.

सराफ बाजारातल्या पेशवेकालीन सरकारवाड्यात गेलात तर लोक कोरीव खांबांचे फोटो काढतात. मी भिंतीची जाडी बघत बसते. ती भिंत वरच्या मजल्याचं ओझं वाहायची, म्हणून तिला जाड राहावंच लागायचं, आणि त्या जाडीत कोनाडे फुकटात मिळायचे. पुढे आरसीसी आलं. ओझं कॉलम आणि बीमवर गेलं, भिंतीला काही काम उरलं नाही, ती चार-सहा इंचांची झाली. कोनाडा करायला पोटच उरलं नाही. भिंतीत मावत होतं ते सगळं मग अठरा एमएम प्लाय आणि एक एमएम सनमायका होऊन भिंतीच्या बाहेर खोलीत आलं. आज बेडरूममधलं वॉर्डरोब दोन फूट खोल असतं. दहा बाय अकराच्या खोलीत दोन फूट म्हणजे काय, ते पलंगाच्या कडेला गुडघा आपटलेल्यांना विचारा. २०१६ च्या रेरा कायद्यात कार्पेट एरियाची जी व्याख्या आहे तिच्यात घरातल्या आतल्या भिंतींनी व्यापलेली जागाही धरतात. म्हणजे भिंत ज्या जमिनीवर उभी आहे तिचेही पैसे आपण चौरस फुटाच्या भावानं मोजतो. मग त्या भिंतीनं काहीतरी काम नको का करायला?

खुंटीची आठवण मला कॉलेजात झाली ती नाशकामुळे नव्हे, अमेरिकेमुळे. शेकर नावाचा एक ख्रिस्ती पंथ होता. मूळचे इंग्लंडातले, मँचेस्टरकडचे. १७७४ मध्ये अ‍ॅन ली नावाची बाई मूठभर अनुयायांना घेऊन अमेरिकेत गेली. ब्रह्मचर्य पाळायचं, एकत्र राहायचं, काम करायचं आणि नक्षीकाम म्हणजे फुकाचा गर्व मानायचा. त्यांच्या खोल्यांत माणसाच्या डोक्याच्या वरच्या उंचीला भिंतीभर एक लाकडी पट्टी फिरवलेली असते आणि पट्टीत ओळीनं खुंट्या. कोट, टोप्या, झाडू, इतकंच काय, खुर्च्यासुद्धा ते खुंटीला टांगत, उलट्या. खाली झाडायला जमीन मोकळी आणि बसायच्या बाजूवर धूळ नाही. तो फोटो पाहिल्यावर मला एकदम आजोबांची ओसरी दिसली. सोवळं पाळणारी आजी आणि ब्रह्मचर्य पाळणारे हे लोक, एकमेकांना जन्मात भेटले नसते, पण लुगडं आणि कोट कुठे अडकवायचा यावर त्यांचं एकमत झालं असतं.

गंमत अशी की शेकर आज नाशकात जोरात आहेत, फक्त खुंटीशिवाय. चौकट आणि मधे खोलगट सपाट फळी असलेलं किचनचं शटर 'शेकर' म्हणून विकतात. एमडीएफवर (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीवर) मशीननं खाच मारायची आणि वरून पीयू पेंट. आमचे मिस्त्री त्याला 'शेखरवाला दरवाजा' म्हणतात. साधेपणासाठी ज्यांनी नक्षी टाकली त्यांच्या नावानं चौरस फुटाला जास्त पैसे लागतात, हे त्या बिचाऱ्यांना कळलं असतं तर.

दुसरे माझे गुरू वास्तुकार लॉरी बेकर. जन्म १९१७ चा, इंग्लंडातला, १९४५ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी काम करायला भारतात आले आणि पुढे केरळात विटांच्या जाळीच्या भिंती बांधत राहिले. ते क्वेकर, म्हणजे साधेपणा मानणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचे होते, आणि शेकरांची मुळंही त्याच घराण्यातली. बेकरांनी बसायची जागा, फळ्या बांधकामातच करून टाकल्या, नंतर दुकानातून आणून ठेवायला काही शिल्लक ठेवलं नाही. फ्लॅटमध्ये मला तेवढं स्वातंत्र्य मिळत नाही. चाळीस वर्षांचा सिडकोतला बंगला हाती आला तर मिळतं थोडं. तिथं मी खिडकीखाली कट्टा बांधते आणि शहाबादी घालते, मग घरमालक पहिल्यांदा नाक मुरडतो आणि उन्हाळ्यात त्याच कट्ट्यावर दुपारी झोपतो.

तर खुंटीचं करते ते असं. हल्लीच्या भिंती एएसी ब्लॉकच्या, हवेचे बुडबुडे असलेल्या हलक्या सिमेंटच्या ठोकळ्यांच्या, म्हणजे बिस्किट. साधी गिट्टी ठोकून स्क्रू मारला आणि त्यावर भरलेली सॅक अडकवली की सहा महिन्यांत स्क्रू, गिट्टी आणि मूठभर पावडर खाली. म्हणून सुटी खुंटी मी कधीच लावत नाही. सागाची तीन-चार इंच रुंदीची लांब पट्टी आधी लावायची, ब्लॉकसाठीचे लांब अँकर वापरून बऱ्याच ठिकाणी पकडायची, म्हणजे ओझं वाटलं जातं. खुंट्या पट्टीत बसवायच्या, भिंतीत नाही. दोन खुंट्यांत वीतभर अंतर, नाहीतर परत ढीग होतो. खुंटी किंचित वर तोंड करून, टोकाला गाठ, आणि बोटापेक्षा जाड हवी. बारीक स्टीलच्या हुकावर शर्ट टांगला की पाठीवर शेपटासारखं टोक निघतं, ते जाड खुंटीवर निघत नाही. पॉलिश मी करू देत नाही, नुसतं तेल. हात लागून लागून वर्षभरात टोकं आपोआप गुळगुळीत होतात, सुताराच्या पॉलिश पेपरनं होणार नाहीत अशी. मोठ्यांची पट्टी साडेपाच फुटांवर. मुलांची साडेतीनवर, आणि हे सुताराला तीनदा सांगावं लागतं, कारण तो सवयीनं सगळ्या पट्ट्या एका रेषेत मारतो. दप्तर स्वतःच्या हातानं टांगता आलं की मूल ते टांगतं. हात पोचत नसेल तर दप्तर जमिनीवर आणि आई वैतागलेली. बाथरूमच्या बाहेर मात्र लाकूड नको, तिथं पितळ. भांडी बाजारात जाऊन मी पितळी खुंट्या हातात घेऊन वजन बघते; हलकी लागली की परत ठेवते.

विरोध हॉलमध्ये होतो. बेडरूममध्ये काय ते लावा, पण पाहुण्यांसमोर टॉवेल लटकलेला दिसायला नको. मान्य. पण पाहुणा स्वतः जे घेऊन येतो ते कुठं ठेवणार? म्हणून दाराजवळच्या पॅसेजमध्ये पट्टी आणि तिच्याखाली ओलं झेलायला कडप्प्याचा तुकडा, थोडा उतार देऊन. गंगापूर रोडच्या एका घरात सूनबाईंना ही पट्टी 'गावाकडची' वाटत होती. सासूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, 'तू लाव गं. माझ्या हातात काठी आणि पिशवी, दोन्ही असतात, चपला काढायला हात कुठला उरतो?' लावली. पहिल्या खुंटीवर काठी आली. दुसरीवर दिंडोरीहून येणाऱ्या दिरांची टोपी. फेब्रुवारीत तेच दीर द्राक्षांचे क्रेट घेऊन येतात, ते खुंटीला टांगता येत नाहीत, पण निदान खाली कडप्पा रिकामा असतो. सूनबाई आता ऑफिसची बॅग तिथंच अडकवतात, मी विषय काढत नाही.

माझ्या धंद्याला हे फारसं परवडत नाही, हेही सांगून टाकते. आमची फी कामाच्या रकमेवर टक्क्यानं असते. टीव्ही युनिट, फॉल्स सीलिंग, पलंगामागचं गादीवालं पॅनल यात रक्कम फुगते. खुंट्यांच्या पट्टीला सागाचा तुकडा, सुताराचा अर्धा दिवस आणि पाव लिटर तेल. शिवाय एकदा मधल्या वस्तूंची सोय लागली की लोकांच्या लक्षात येतं, आपल्याला तिसरं वॉर्डरोब नकोच होतं. ते रद्द होतं आणि माझे टक्केही. नवरा म्हणतो, तू डॉक्टर असतीस तर पेशंटला नुसतं चालायला सांगून घरी पाठवलं असतंस.

एक वस्तू मात्र अजून माझ्या हाती लागत नाही, ती म्हणजे हेल्मेट. २०२१ मध्ये नाशकात 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' अशी मोहीम निघाली तेव्हा घराघरात दोन-दोन हेल्मेटं आली आणि माझ्या पॅसेजचं गणित बिघडलं. खुंटीला पट्ट्यानं लटकवलं तर ते डोलतं आणि भिंतीचा रंग खरवडतं. नुसतं खुंटीवर ठेवलं तर आतलं अस्तर दबतं. शेल्फ करावं तर नऊ-दहा इंच खोल पाहिजे, म्हणजे पॅसेजमध्ये खांदा आपटणार. शेकरांच्या पुस्तकात याचं उत्तर नाही, बेकरांकडे नाही, आजीकडे तर नाहीच. एका मिस्त्रीनं नारळाएवढी लाकडी खुंटी करून दाखवली. दिसायला ती इतकी भयंकर होती की त्यानं स्वतःच काढून घेतली. सध्या माझ्या घरी दोन्ही हेल्मेटं फ्रिजवर असतात. घरी येणाऱ्या क्लायंटचं लक्ष आधी तिकडेच जातं, म्हणून मी त्यांना सहसा साइटवरच भेटायला बोलावते.