घाटघरची फेरी: पाच देशांतून आलेले पाच नाशिककर

पाथर्डी फाट्यावर सकाळी सहाला भेटलो तेव्हा पहिला प्रश्न नावाचा नव्हता, गावाचा नव्हता. "तिकडे काय चालवता?"

आम्ही पाचही जण नाशिकचे. मी सिडकोत वाढले, गेली नऊ वर्षं स्टुटगार्टजवळ राहते. बाकीचे ह्यूस्टन, मेलबर्न, दुबई आणि मस्कतहून गणपतीला घरी आलेले. ओळखीतून ओळख निघाली आणि गौरी-विसर्जनानंतरच्या एका बुधवारी घोटी–भंडारदरा–घाटघर अशी मोटरसायकलवरून एका दिवसाची फेरी ठरली. ह्यूस्टनवाल्याने तिकडच्या हार्लेचं सांगितलं, मी माझ्या पाचशे सीसीचं. मस्कतचे दादा आमच्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे, पूर्वी अंबडला कारखान्यात होते. ते म्हणाले, "तिकडे गाडी नाही. कंपनीची बस नेते-आणते." ते वडिलांची जुनी स्प्लेंडर घेऊन आले होते. यावर कोणी काही बोललं नाही आणि पुढचं सगळं बोलणं इंग्रजीत सुरू झालं. दादांना इंग्रजी येत नाही असं नाही. पण ते बोलणं त्यांच्यासाठी नव्हतं, हे त्यांनाही कळलं आणि मलाही.

ह्यूस्टनवाला पुढे राहणार होता. दादांना न विचारता त्याने सांगून टाकलं, "तुम्ही शेवटी या, आपल्या स्पीडने." हे चूक आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं. गटात सगळ्यात कमी ताकदीची गाडी दुसऱ्या नंबरवर ठेवायची, म्हणजे पुढच्याला आरशात ती सतत दिसते आणि वेग तिच्या हिशेबाने राहतो. सगळ्यात अनुभवी माणूस शेवटी. जर्मनीत पहिल्याच दिवशी मला हे शिकवलं होतं. तरी मी गप्प बसले, याचं मला अजून वाईट वाटतं.

वाईट वाटण्याचं कारण जुनं आहे. जर्मनीत २०१९ च्या शेवटी नियम बदलला आणि कारचा परवाना असलेल्यांना थोडं प्रशिक्षण घेऊन १२५ सीसी चालवता येऊ लागली. मी तशीच सुरुवात केली. तिकडे समोरून मोटरसायकल आली की डावा हात खाली सोडून दोन बोटं दाखवायची पद्धत आहे. मी प्रत्येकाला हात करायचे, आणि मोठ्या गाड्यांवरचे बरेचसे सरळ बघत निघून जायचे. पुढे पूर्ण परवाना काढला, मोठी गाडी घेतली, आणि त्याच रस्त्यांवर हात यायला लागले. माणूस तीच होते. ते सगळं सोसलेली मी पाथर्डी फाट्यावर दुसऱ्या बाजूला उभी होते.

आता रस्त्याचं सांगते. पांडवलेणी मागे टाकली की विल्होळी, वाडीवऱ्हे, गोंदे करत घोटीपर्यंत सरळ महामार्ग आहे. घोटीत टाकी पूर्ण भरा, पुढच्या पंपाच्या भरवशावर राहू नका. रोख पैसेही इथेच काढा. आणि मोबाइलचा नकाशा समृद्धी महामार्गावर जायला सांगत असेल तर ऐकू नका, तिथे दुचाकीला बंदी आहे. घोटीहून भंडारदऱ्याचा रस्ता धरला की भातखाचरं सुरू होतात आणि उजव्या हाताला कळसूबाई येते. १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, पण सप्टेंबरात ते ढगातच असतं. पायथ्याच्या बारी गावाच्या अलीकडे-पलीकडे घाटात धुकं उतरतं, तेव्हा हेडलाइट लो बीमवर ठेवून, पण थांबत-थांबत नको, एका लयीत चालवा.

परदेशातून येणाऱ्यांनी एक गोष्ट मनावर घ्यावी. आमच्यातला मेलबर्नवाला सोडला तर सगळ्यांच्या देशांत गाड्या उजवीकडून चालतात. वाहतुकीत चूक होत नाही, कारण आपण पुढच्याच्या मागे जातो. चूक होते ती मोकळ्या रस्त्यावर, थांबून पुन्हा निघताना. घोटीत चहा पिऊन निघाले आणि मी सरळ उजव्या बाजूला लागले. मागून दादा ओरडले, "ताई, डावी! डावी!" तेवढ्यात समोरच्या वळणावरून टेम्पो आला. पहिले दोन दिवस शहरातच भावाबहिणीच्या मागे फिरा, मग गावाबाहेर पडा.

कागदपत्रांचं: भारतीय परवान्याची मुदत संपली असेल आणि परदेशी परवान्यावर चालवायचं असेल, तर आंतरराष्ट्रीय परवाना तिकडूनच काढून आणावा लागतो. गाडी भाड्याने घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. माझी हिमालयन ४११ अशीच काळ्या पाटीची होती. हेल्मेट तिकडचं कितीही भारी असलं तरी इथल्या कायद्याला आयएसआयची खूण लागते.

शेंडीत, म्हणजे भंडारदऱ्याच्या धरणाशेजारच्या गावात, पिठलं-भाकरी खाल्ली. विल्सन धरण १९२६ चं. तिथून जलाशयाला पूर्ण वळसा मारता येतो: रतनवाडी, साम्रद, घाटघर आणि परत शेंडी. अभयारण्याची प्रवेश फी नाक्यावर द्यायची. रतनवाडीला अमृतेश्वराचं दगडी मंदिर आहे, त्यासाठी किमान अर्धा तास ठेवा. खांबांवरचं कोरीवकाम पावसाळ्यात ओलं असतं तेव्हा जास्त उठून दिसतं. रतनगडावर उगम पावणारी प्रवरा इथूनच धरणात जाते.

रतनवाडीच्या पुढे झाडी दाट होते, रस्ता अरुंद, फोनला रेंज नाही. तिथे माझं मागचं चाक बसलं. बाकी तिघे वळणाआड गेले होते. त्यांच्याकडे पंक्चरचं सामान होतं, पण ते ट्यूबलेस टायरचं. हिमालयनला तारांची चाकं आणि आत ट्यूब असते, तिथे ती पट्टी कामाची नाही. भाड्याने गाडी घेताना चाक कोणतं आहे ते बघा आणि ट्यूब असेल तर एक जास्तीची ट्यूब मागून घ्या. मी मागितली नव्हती.

दादा आले. उतरले, टायरवरून हात फिरवला, खिळा दाखवला. गाडी मधल्या स्टँडवर घेतली, पाने काढले आणि चाक सोडवलं. टॉमी, म्हणजे टायर उचकटायची पट्टी, त्यांच्याकडे नव्हती, त्यामुळे शेंडीला जावं लागणार होतं, वीसेक किलोमीटर मागे. मी स्प्लेंडरवर मागे बसले आणि चाक मांडीवर घेतलं.

ती वीस किलोमीटर मी विसरणार नाही. समोरून येणारा प्रत्येक जण काहीतरी सांगत होता. एकाने पंजा उघडझाप करून लाइट चालू असल्याची खूण केली. नव्या गाड्यांचा दिवा २०१७ पासून कायद्यानेच सतत चालू असतो, पण लोकांची सवय गेलेली नाही, आणि या जुन्या गाडीचा दिवा दादांनी धुक्यासाठी लावून ठेवला होता. एक आजोबा बैलांना आवरत म्हणाले, "पंक्चर का? शेंडीत होईल." मुतखेलजवळ मागून आलेल्या दोन पोरांनी गाडी शेजारी आणून, "काका, स्टँड!" म्हणून सांगितलं. घाईत निघताना स्टँड खालीच राहिला होता. जर्मनीत डावा हात सोडतात कारण समोरचा माणूस डावीकडून जातो. इथे समोरचा उजवीकडून जातो आणि उजव्या हातात अ‍ॅक्सिलरेटर असतो, तो सुटत नाही. म्हणून आपल्याकडे मान हलवतात, किंवा "स्टँड!" असं ओरडतात. गाडी किती सीसीची हे बघून कोणी ओरडत नाही.

पंक्चर काढून परत आलो तर दुबईवाला आणि ह्यूस्टनवाला माझ्या गाडीजवळ उभे होते. घाटघरच्या कोकणकड्यावर वाट पाहून, आम्ही येत नाही म्हणून उलटे फिरले होते. मेलबर्नवाला आम्हाला शोधत दुसऱ्या बाजूने शेंडीकडे गेला होता. ह्यूस्टनवाल्याने काही न बोलता चिखलात गुडघे टेकले आणि दादा आस घालत असताना चाक उचलून धरलं. साखळीचा ताण दादांनी बोटाने बघितला, मग त्यालाही बघायला लावला.

दुबईवाला मला बाजूला म्हणाला, "जेबेल जैसच्या डोंगरावर जातो ना आम्ही, पहाटे. तिकडे कोणाची गाडी बंद पडली तर मी अनोळखी माणसासाठीसुद्धा थांबतो. पाकिस्तानी असो, फिलिपिनो असो, आधी पाणी देतो. आणि इथे आपल्याच माणसाला आपण मागे टाकून गेलो." तो मस्कतला 'गल्फ' म्हणतो आणि दुबईला दुबई, हे मी सकाळपासून ऐकत होते. पण हे तो मनापासून बोलला. मला वाटतं, तिकडे आपण सगळे परके असतो म्हणून एकमेकांना धरून राहतो. घरी आलो की कोण कुठून काय कमावून आलं याची उतरंड लावायला लागतो, आणि गाडी हे त्याचं सगळ्यात सोपं माप असतं.

घाटघरला पोचलो तेव्हा चार वाजले होते. कड्यावरून ढग दहा मिनिटं बाजूला झाले आणि अलंग-मदन-कुलंग दिसले. इथे २५० मेगावॅटचा वीजप्रकल्प आहे. वरचं पाणी कोकणात सोडून वीज करायची आणि मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवायचं. तुम्ही सकाळी अकरापर्यंत इथे या म्हणजे घाई होणार नाही. शनिवार-रविवार टाळा, पावसाळ्यात गर्दीत वाट मिळत नाही. पाच वाजल्यापासून गुरं घरी परततात, त्यांना हॉर्न मारू नका, इंजिन मंद ठेवून थांबा. अंधार पडायच्या आत घोटीचा महामार्ग गाठायचाच.

परतताना ह्यूस्टनवाल्याने आरसा नीट केला आणि दादांना म्हणाला, "दादा, तुम्ही माझ्या मागे." ताशी पन्नासने आलो. भातावर ऊन उतरत होतं आणि त्या वेगाने सगळं दिसत होतं.

दादांची सुट्टी दोन वर्षांतून एकदाच. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा ते कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल काढत होते. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडायचं, किक हळू दोनदा फिरवायची, मग वर कापड. वडील गेल्यापासून दर वेळी ते असंच करून जातात. पवननगरला माझा भाऊ राहतो, त्याच्याकडे किल्ली द्याल का, असं मी विचारलं. त्यांनी थोडा विचार केला आणि पेट्रोल पुन्हा टाकीत ओतलं.

भाऊ दर रविवारी ती स्प्लेंडर गंगापूर धरणापर्यंत फिरवून आणतो. मस्कतला फोटो पाठवतो, मलाही पाठवतो.