पट्ट्याची डावी बाजू

पुण्यातल्या एका पेठेतला वाडा उतरवला गेला तेव्हा त्यातली बर्मी सागाची एक तुळई त्या कुटुंबाने जपून ठेवली होती आणि तिच्यातून देवघराच्या कपाटाची दारे करून द्यावीत, अशी त्यांची इच्छा होती. कीड लागलेला आणि खिळ्यांनी भरलेला भाग वगळल्यावर हाती आला तो आठ इंच रुंद, दोन इंच जाड आणि सलग रेषांचा एकच तुकडा. रंधून तो ४८ मिलिमीटर उरला. त्यातून दहा मिलिमीटरच्या चार पातळ फळ्या काढायच्या होत्या, म्हणजे लागोपाठच्या दोन फळ्या पुस्तकाच्या पानांसारख्या उघडल्या की लाकडाच्या रेषा आरशातल्यासारख्या जुळतात. प्रत्येक कापात बँडसॉचा, म्हणजे चाकांवर फिरणाऱ्या करवतीचा, पट्टा दीड मिलिमीटर लाकूड खातो आणि कापांच्या मध्ये रंध्याला थोडे द्यावे लागते, हे धरता पाचवी फळी निघणे शक्यच नव्हते.

आमचा बँडसॉ १८ इंची चाकांचा आहे. त्यावर मी एक इंची, इंचाला तीन दात असलेला पट्टा वापरतो. आठ इंच उंचीच्या कापात भुसा बाहेर वाहून नेण्यासाठी दातांमधली खाच मोठी हवी, बारीक दातांचा पट्टा तिथे गुदमरतो. त्या सकाळी मी नेहमीची तपासणी केली. टेबल गुण्याने पट्ट्याशी काटकोनात आणले, पट्टा वरच्या चाकावर मधोमध धावतो आहे याची खात्री केली, पट्ट्याला जागेवर धरणाऱ्या गाइडची बाजूची बेअरिंग कागदाच्या जाडीइतक्या अंतरावर आणि दातांच्या खाचांच्या जरा मागे ठेवली आणि एक इंची पाइनच्या तुकड्यावर चाचणीचा काप घेतला. काप सरळ आला. लाकूड ज्याला टेकवून सरकवतो ते फेन्स मात्र टेबलाच्या खाचेला समांतर नव्हते. पट्टा दोन आठवड्यांपासून उजवीकडे ओढत होता आणि त्या ओढीइतके फेन्स मी तिरके करून ठेवले होते.

पहिली फळी सुटली तेव्हा वरची आणि खालची कड बरोबर दहा मिलिमीटर होती आणि मधोमध सात. पट्टा लाकडाच्या आत धनुष्यासारखा वाकला होता. असे झाले की पट्टा सैल असल्याचा संशय पहिल्यांदा येतो, म्हणून मी तो उतरवून पुन्हा ताणला. यंत्रावरच्या स्प्रिंगच्या खुणांवर माझा विश्वास नाही, कारण जुनी स्प्रिंग दबली की खुणा चुकीचा ताण दाखवतात. गाइड दूर करून पट्टा रिकामा चालवायचा, तो थरथरू लागेपर्यंत ताण कमी करायचा, थरथर थांबेपर्यंत वाढवायचा आणि त्यावर पाव फेरा द्यायचा, ही रीत मला जास्त खात्रीची वाटते. ताण ठीक निघाला. दुसऱ्या सागाच्या आठ इंची टाकाऊ तुकड्यावर पाहिले, तर मधला बाक तसाच.

आमचे मिस्त्री तेव्हा एवढेच म्हणाले, "साहेब, त्या दिवशी खिळा लागला होता." दोन आठवड्यांपूर्वी एका जुन्या फळीत क्षणभर खर्र असा आवाज झाला होता. पट्टा बदलू या, असे ते तेव्हाच म्हणाले होते आणि कापतो आहे तोवर चालू द्या, असे मी सांगितले होते. त्यांचे कान माझ्या मोजपट्टीपेक्षा अचूक आहेत, हे इतक्या वर्षांत मला कळायला हवे होते. प्लग काढून मी पट्टा उजेडात धरला. पट्ट्याचे काही दात किंचित डावीकडे आणि काही उजवीकडे वाकवलेले असतात. उजवीकडे वाकवलेल्या दातांची टोके काळी दिसत होती, डावीकडची चमकत होती. धार गेलेलीच कड उजेड परतवते.

हा पट्टा सेकंदाला पाचेक फेरे घेतो. कापाच्या डाव्या अंगाला खिळा सेकंदभर घासला, तरी डावीकडचा प्रत्येक दात त्यावरून पाचदा गेला असणार. मग पट्टा धार शाबूत असलेल्या बाजूला ओढणारच. ती ओढ मी फेन्स तिरके करून झाकली. एक इंची पाइनमध्ये ती झाकली गेली. आठ इंची सागात, तेही सिलिका असलेल्या आणि धार लवकर घालवणाऱ्या लाकडात, फळी पुढे सरकवायला जोर जास्त लागला आणि पट्टा मध्येच वाकला. ज्या उंचीचे लाकूड कापायचे त्याच उंचीच्या तुकड्यावर चाचणी न घेणे ही माझी दुसरी चूक.

नवा पट्टा चढवला, फेन्स पुन्हा खाचेला समांतर केले, मागचे बेअरिंग रिकाम्या फेऱ्यात पट्ट्याला टेकणार नाही एवढे मागे घेतले आणि वरचा गाइड लाकडापासून बोटभर उंचीवर आणला. शिल्लक तुकड्याचा फुगवटा रंधून काढल्यावर उरलेल्या तिन्ही फळ्या पाव मिलिमीटरच्या फरकात निघाल्या.

पहिली फळी सपाट करता करता सहा मिलिमीटर राहिली. मी घरमालकांना फोन करून जे घडले ते सगळे सांगितले. "समोरून दिसेल ते आमच्याच वाड्याचं असेल ना?" एवढेच त्यांनी विचारले. समोरून ते तसेच आहे, रेषाही जुळल्या आहेत. पण डावे दार उघडले की आतल्या बाजूला, जाडी भरून काढण्यासाठी चिकटवलेली दुसऱ्या सागाची पातळ फळी दिसते, आणि तिचा रंग शेजारच्या फळीपेक्षा फिका आहे.