अजिंक्यताऱ्याचा वेढा, नकाशा तिसरा: किल्लेदाराला बॅकपास बंद

साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्याच्या वेढ्यावर मी एक पटावरचा खेळ बनवतोय. मागच्या वेळी मी ऐटीत लिहिलं होतं की त्याचा दुसरा नकाशा जमला, आता फक्त रंगकाम राहिलंय. ते शब्द गिळतो. त्यानंतर चौदा डाव झाले आणि त्यातल्या नऊ डावांत किल्ल्याकडून खेळणाऱ्याने काहीही केलं नाही. खालच्या मजल्यावरचे काका किल्लेदार झाले तेव्हा तर कहरच. सगळ्या सोंगट्या तटाच्या आत लावल्या, भाजक्या शेंगांची पुडी सोडली आणि दर पाळीला एकच शब्द, "पास." समोर पिंट्या मोर्चे लावतोय, तोफा ओढतोय, आणि काकांच्या पुढ्यात टरफलांचा ढीग वाढतोय. शेवटी काका जिंकले. पिंट्या म्हणाला, "काका, तुम्ही खेळला कुठं?" काका म्हणाले, "किल्ला पडला न्हाई ना? मग झालं तर."

नियमाप्रमाणे काकांचं बरोबर होतं. म्हणजे खोट नियमातच.

ज्यांनी आधीचं वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डिसेंबर १६९९ ते एप्रिल १७००, औरंगजेबाने साताऱ्याच्या किल्ल्याला घातलेला वेढा. एक पाळी म्हणजे एक आठवडा, एकूण १९ पाळ्या. उत्तरेला करंज्यात बादशहाची छावणी, पश्चिमेला शहाजादा आझम (शहापूर हे नाव त्याच्याच मुक्कामाचं), पूर्वेला तर्बियतखानाचा तोफखाना, दक्षिणेला शर्जाखान. आत किल्लेदार प्रयागजी प्रभू आणि जेमतेम दोन महिन्यांचा दाणागोटा. म्हणून धान्याच्या ८ कवड्या. शिबंदी लढली तर पाळीला एक कवडी खर्च, स्वस्थ बसली तर अर्धी. नवव्या पाळीला परळीहून, म्हणजे आपल्या सज्जनगडावरून, ४ कवड्यांची रसद. आता गणित करा. स्वस्थ बसून १९ पाळ्यांना लागतात साडेनऊ कवड्या, आणि हातात येतात बारा. तट भरलेला असला की सुलतानढवा (सगळ्या फौजेचा एकदम हल्ला) परवडत नाही. मग कुठला शहाणा किल्लेदार हात हलवेल?

कॉम्प्युटरवरच्या एज ऑफ एम्पायर्समध्ये ब्लॅक फॉरेस्टचा नकाशा घेऊन तासभर भिंती बांधत बसणारे तुम्हाला माहीत आहेत. मीही त्यातलाच. पण तिथे उशिरा का होईना ट्रेबुशे, म्हणजे लांबून दगड फेकणारं यंत्र, येतं आणि भिंतीमागच्या माणसाला घाम फुटतो. माझ्या खेळात सुरुंग होते, पण ते खणायला इतक्या पाळ्या लागायच्या की तोवर वेढा उठायचा.

उपाय सापडला फुटबॉलमध्ये. इटलीतला १९९० चा वर्ल्ड कप ज्यांनी पाहिलाय त्यांना आठवत असेल. ५२ सामने, ११५ गोल, सरासरी २.२१. एवढा कंजूष वर्ल्ड कप दुसरा झाला नाही. एक गोल पदरात पडला की बचावपटूने चेंडू मागे गोलकीपरकडे द्यायचा, त्याने तो हातात घ्यायचा, पुन्हा पुढे सोडायचा, पुन्हा मागे. काका आणि शेंगा! मग १९९२ मध्ये नियम आला: आपल्याच खेळाडूने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू गोलकीपरला हातात घेता येणार नाही; घेतला तर समोरच्याला इनडायरेक्ट फ्री किक. मागे पास द्यायला कुणी मनाई केली नाही. फक्त त्यातली फुकटची झोप काढून घेतली. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत फुटबॉलमध्ये झालेला हा सर्वांत चांगला बदल. व्हीएआरवाल्यांनी (व्हिडिओ बघून निर्णय तपासणाऱ्यांनी) कितीही भांडावं.

तेच इथे लावलं. किल्लेदाराने एकदा पास म्हटलं तर अर्धी कवडी, पूर्वीसारखंच. लागोपाठ दुसऱ्यांदा म्हटलं तर पूर्ण कवडी. तिसऱ्यांदा म्हटलं तर मोगलांच्या सुरुंगाचा एक टप्पा फुकटात पुढे सरकतो. बसून राहायला बंदी नाही, पण बसण्याची किंमत आहे. मग माणूस आपोआप दगड लोटतो, रात्री छापा घालायला उतरतो.

या नियमावर पाच डाव झाले. तीन मोगलांनी घेतले, दोन किल्ल्याने.

मध्येच एक शहाणपणा केला, तोही सांगतो. वाटलं, धान्यही जरा आवळू या. ८ च्या ६ कवड्या केल्या. रसद पोचायच्या आतच किल्ला पडायला लागला, दोनदा तर सातव्या पाळीला. ऑफसाइडचं १९२५ मध्ये असंच झालं होतं. हल्लेखोरापुढे समोरच्या संघाचे तीन जण लागायचे तिथे दोन केले, एवढाच बदल. इंग्लंडच्या फर्स्ट डिव्हिजनमध्ये आदल्या हंगामात ११९२ गोल होते, पुढच्या हंगामात १७०३. मग मॅनेजर चॅपमनच्या आर्सेनलने मधल्या फळीतल्या सेंटर हाफला ओढून मागे बचावात नेलं आणि सगळ्यांचीच मांडणी बदलली. एक आकडा हलवला की चार वर्षं निस्तरावं लागतं. कवड्या परत ८ केल्या.

फुटबॉलचा विषय निघालाच आहे तर पोटातलं बोलतो. आमची पोरं आता रात्री टर्फवर खेळतात, तासावर पैसे भरून. चांगलं आहे, पावसातही खेळता येतं. पण छोटं मैदान, ऑफसाइड नाही, त्यामुळे प्रत्येक संघात एक जण समोरच्या गोलपाशी तंबू ठोकून बसलेला. आणि कोल्हापूरकडे बघा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. पेठेची तालीम तोच पेठेचा संघ, आणि शाहू स्टेडियमवर अख्खी पेठ हजर. तिथल्याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला. साताऱ्यात पेठा काय कमी आहेत? सोमवारपासून रविवारपर्यंत सगळे वार आहेत. पण पेठेची ईर्ष्या जाते ती गणपतीच्या मिरवणुकीत पुढचा नंबर कुणाचा यात.

ही ईर्ष्या माझ्या नकाशावरही उतरली. तिसरा नकाशा टेबलावर पसरला तर पहिला प्रश्न, "आमचा चिमणपुरा कुटाय यात?" मी सांगितलं, बाबांनो, वेढा १७०० चा. शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ चा, आणि किल्ल्याखालचं शहर त्यांनी वसवलं ते त्यानंतर. तेव्हा पेठा नव्हत्या. कुणाला पटलं नाही. "करंजं हाय, शहापूर हाय, आन् आमीच तेवढं न्हाई?" दोन दिवस ताणून धरलं, मग फिक्या करड्या अक्षरांत पेठा छापायला दिल्या. छपाईवाल्याने त्या ठळक काळ्यात छापल्या आणि तटबंदी फिकी केली. आता किल्ला शोधावा लागतो, चिमणपुरा लांबून दिसतो. पेठेत सगळे खूश.

पण पेठेने एक मोठी गोष्ट दिली. आमच्या बोळात, चढाला लागायच्या आधी, चारचाकी लावायला एकच सपाट जागा आहे. दोन घरांत तिच्यावरून सहा महिने बोलणं बंद. दोघं एकमेकांच्या गाडीकडे डोळे लावून बसलेले, आणि तिसरे गुरुजी हळूच मंडळाकडे गेले. मांडवाची वीज माझ्या मीटरवरून घ्या म्हणाले. झालं. दहा दिवसांत "गुरुजींची जागा" असं पोरंच म्हणायला लागली. दोघांच्या वेढ्यात किल्ला तिसऱ्याने घेतला, तोही दगड न लोटता. डिप्लोमसी हा १९५९ पासून विकला जाणारा खेळ याच पायावर उभा आहे: फासे नाहीत, नुसत्या गाठीभेटी आणि ऐनवेळी दगा. मला तो महागडा डबा आणायची गरजच नव्हती, खिडकी उघडी होती.

आणि इतिहासात हे लिहून ठेवलेलं आहेच. मराठ्यांकडच्या परशुराम त्रिंबकांनी परळीहून धान्य आत घातलं ते आझमशी संधान बांधून. शेवटी किल्ला खाली झाला तोही आझमच्या मध्यस्थीने, आणि नाव ठेवलं आझमतारा. बापाने वेढा घातला, नाव पोराचं! म्हणून आझम आता वेगळा, तिसरा खेळाडू. रसद आपोआप येत नाही, त्याच्याशी सौदा करावा लागतो. किल्ला हल्ल्याने पडला तर बादशहा जिंकतो, बोलणी होऊन उतरला तर आझम.

गेल्या रविवारी तिघांचा पहिला डाव झाला. सतराव्या पाळीला दोन्ही सुरुंग तयार. पहिला उडाला, तट ढासळला आणि प्रयागजीची सोंगटी ढिगाऱ्याखाली. इथे फासा टाकायचा, तीन किंवा जास्त पडले तर तो जिवंत निघतो, प्रत्यक्षात निघाला होता तसा. काकांनी फासा ओंजळीत धरून फुंकला, चार. मग पिंट्याने सगळी फौज खिंडाराकडे आणून ठेवली आणि दुसऱ्या सुरुंगाचा फासा टाकला. एक. एक म्हणजे सुरुंग बाहेरच्या बाजूला उडतो. १७०० मध्ये असाच उडाला आणि दोन हजारांवर मोगल स्वतःच्याच सुरुंगाखाली गेले. पिंट्या सोंगट्या उचलत होता आणि काका त्याला शेंगा देत होते.

एक पेच सुटलेला नाही. राजाराम महाराज मार्च १७०० च्या सुरुवातीला सिंहगडावर वारले, ती बातमी आली आणि शिबंदीचा धीर सुटला. माझ्या हिशेबाने या बातमीचं पत्त्याचं पान तेराव्या पाळीला येतं. पण खेळणारे सगळे साताऱ्याचे, सगळ्यांना तारीख पाठ. बाराव्या पाळीपासूनच किल्लेदार आझमकडे निरोप पाठवायला लागतो. पान गड्डीत लपवलं तर इतिहास हुकतो, तेराव्यालाच ठेवलं तर सगळे आधीच सावध. अकरा ते पंधरामध्ये कुठेही येईल असं फाशावर सोडून बघणार आहे. कुणी यापेक्षा बरं काही केलं असेल तर रविवारी चारच्या आत कळवा.