गारठ्यात करपलेली जास्वंद

आमच्या कुंडीतल्या जास्वंदीला यंदा थंडीनं चांगलाच तडाखा दिला. रात्री पारा शून्याखाली गेला आणि सकाळी पानं वाफवलेल्या पालेभाजीसारखी लुळी, गडद, ओलसर दिसत होती. पुढे ती काळी पडली. पेशींच्या बाहेरचं पाणी आधी गोठतं, ते आतलं पाणी ओढून घेतं, पेशींची पातळ आवरणं फाटतात. मग बर्फ वितळला की पानातला रस सुटतो. अशी पानं पुन्हा सावरत नाहीत, त्यांच्यावर पाणी शिंपडत बसण्यात अर्थ नसतो.

खरी धास्ती मुळांची होती. जमिनीतल्या झाडाला भोवतालच्या मातीची ऊब असते, कुंडीला मात्र गारठा चहूबाजूंनी भिडतो. त्यात जास्वंद उष्ण प्रदेशातली. साधारण १० अंश सेल्सिअसच्या खालीच तिची वाढ अडते. कुंडी आडवी करून झाड मातीच्या गोळ्यासकट अलगद सरकवलं. काठाची मुळं तपकिरी झालेली, चिमटीत धरली की साल निघून येत होती. आतली मात्र पांढरट, घट्ट. कुजका वासही नव्हता. मेलेली तेवढी काढली आणि गोळा न फोडता झाड त्याच कुंडीत परत बसवलं. ‘मोठ्या कुंडीत लावा’ असा सल्ला मिळाला होता, तो मी मनावर घेतला नाही. मुळं कमी आणि माती जास्त झाली, तर ती माती ओलीच राहते आणि उरलेली मुळंही सडतात.

मग नखानं साल खरवडून पाहिली. शेंड्याकडे आत तपकिरी आणि कोरडं, खाली उतरत गेलं की ओलसर हिरवं. म्हणजे झाड जिवंत होतं. आता वाळलेलं सगळं छाटून टाकावं, असं कुणालाही वाटेल. पण गारठ्यानं फांदी कुठवर मेली आहे हे लगेच कळत नाही, मर कित्येक आठवडे खाली सरकत राहते. शिवाय छाटलं की झाड नवे धुमारे काढायला लागतं, आणि पुढच्या कडाक्यात तेच आधी जातात. म्हणून थंडी पूर्ण सरेपर्यंत वाळक्या काड्या तशाच ठेवल्या. येणारे-जाणारे ‘टाकून द्या हो’ म्हणायचे. मी हसून विषय बदलायचे.

या काळात करायचं तसं थोडंच होतं. कुंडी भिंतीलगत आडोशाला आणली. थंड रात्री जुनी चादर जमिनीपर्यंत टेकेल अशी घालायची, उजाडल्यावर काढायची. पानं नसली की झाड पाणी फारसं पीत नाही, त्यामुळे बोट मातीत खुपसून आत कोरडं लागलं तरच पाणी. खत अजिबात नाही. दुखावलेल्या मुळांना ते जाळतं आणि ते वापरायला पानंही नसतात.

ऊब वाढल्यावर फांद्यांवरचे डोळे, म्हणजे नवी फूट निघते त्या गाठी, फुगायला लागले, तेही वाटलं तिथे नाही. मी मनातून सोडून दिलेली एक फांदी मधूनच फुटली, तर नखाखाली हिरवी दिसलेली दुसरी हळूहळू खालपर्यंत वाळली. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, तेव्हा बाहेर काढला. बाहेरच्या दिशेला तोंड असलेल्या जिवंत डोळ्याच्या जरा वर तिरका काप घ्यायचा, कापलेल्या जागी तपकिरी डाग दिसला तर आणखी खाली जायचं. जास्वंद नव्या फुटीवर फुलते, म्हणून निम्मी कापली तरी फुलं उशिरा येतात, बुडत नाहीत. अझेलिया या फुलझुडपाचं तसं नाही. तिच्या कळ्या आदल्या हंगामातच धरलेल्या असतात, त्या छाटणीत जातात. आमचं झाड फांदी लावून केलेलं, त्यामुळे बुंध्यातून आलेला धुमाराही चालला. कलमी झाडाला मात्र जोडाखालची फूट काढावी लागते, नाहीतर खालचं रानटी खुंटच जोर धरतं.

कोवळ्या पालवीला एकदम कडक ऊन दाखवलं नाही. आधी सकाळचं, मग वाढवत नेलं. मावा ही रस शोषणारी कीड आलीच, ती पाण्याच्या फवाऱ्यानं धुऊन काढली. पानं नीट उलगडल्यावर पातळ केलेलं खत सुरू केलं.

एक बाजू अजून बोडकी आहे. तिकडच्या डोळ्यांना ऊन मिळावं म्हणून कुंडी अधूनमधून फिरवते आणि दुसऱ्या बाजूच्या लांबलेल्या धुमाऱ्यांचे शेंडे खुडते. पुढच्या वर्षी पारा १० अंशांकडे घसरू लागला की कुंडी आत घेणार, उजेडाच्या खिडकीजवळ.