प्लिमथची वाळू, शिंपल्या आणि माझा स्वेटर

लंडनबद्दल काही लिहीत नाही. ते सगळ्यांचं लिहून झालंय, आणि माझे गुडघे तिथे दुखले यापलीकडे माझ्याकडे नवीन काही नाही. लिहायचंय ते इंग्लंडच्या नैऋत्येच्या प्लिमथ या बंदराबद्दल, जिथे फिरायला म्हणून आपल्याकडचं सहसा कुणी जात नाही. मीही गेले नसते. पण भाची तिथे पीएचडी करते आणि ताईने निघताना लाडवांचा डबा आणि "ती नीट जेवते का ते बघून ये" अशी दोन कामं गळ्यात मारली.

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून गाडीला तीन-साडेतीन तास लागतात. जाताना डाव्या हाताची खिडकी धरा. एक्सेटर सोडलं की डॉलिशजवळ रूळ समुद्राच्या इतक्या कडेने जातात की खवळलेल्या भरतीला पाणी थेट डब्यावर उडतं म्हणे. २०१४ च्या फेब्रुवारीत वादळाने तिथली भिंत खाल्ली, रूळ हवेत लोंबकळत राहिले आणि मार्ग दोन महिने बंद होता. कोकण रेल्वेच्या दरडींत तासन्‌तास अडकून पडलेल्या माझ्यासारखीला हे ऐकून उगाच आपलेपणा वाटला. समोर बसलेले गृहस्थ तेवढा सगळा वेळ फोनमध्ये मान घालून होते. त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं.

शहर पहिल्या नजरेत आवडलं नाही. १९४१ च्या बॉम्बहल्ल्यांत मधला भाग जमीनदोस्त झाला आणि नंतर जे उभं राहिलं ते चौकोनी आणि करडं. पण चढ चढून 'हो' नावाच्या माळावर गेलं की सगळं माफ. समोर अख्खी खाडी, माळावरच लालपांढरा स्मीटनचा दीपस्तंभ आणि बसायला भरपूर बाकं. तिथेच आम्ही बटाट्याचे चिप्स घेऊन बसलो आणि तिथेच एका निर्लज्ज सीगलने माझ्या हातातला कागद अर्धा रिकामा केला. भाचीला त्याचं काहीच वाटलं नाही. "आता तो कागद त्याच्या पोटात जायला नको," एवढंच म्हणाली.

आमच्या नातेवाइकांत ती 'डॉल्फिनवाली' म्हणून प्रसिद्ध आहे. समुद्रावर संशोधन म्हणजे डॉल्फिन, असा एक घरगुती समज. प्रत्यक्षात तिचा डॉल्फिनशी काडीचा संबंध नाही. ती वाळू चाळते. पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकचे कण आणि धागे शोधते, मोजते, आणि मोजलेल्यातले बरेचसे बाद करते. हे शेवटचं काम ऐकून मला हसू आलं होतं. नंतर आलं नाही.

आणि हे सगळं प्लिमथलाच का, तर ही शाखा नावारूपाला आली ती इथेच. रिचर्ड थॉम्पसन नावाचे प्राध्यापक आहेत. मूळचे खडकाळ किनाऱ्यावरच्या जीवांचे अभ्यासक. १९९३ मध्ये विद्यार्थी असताना आयल ऑफ मॅनच्या किनाऱ्यावर सफाईला गेले. स्वयंसेवक बाटल्या, दोर, जाळी गोळा करून तक्त्यात नोंदवत होते आणि पायाखालच्या बारीक तुकड्यांना त्या तक्त्यात रकानाच नव्हता. बाकीच्यांनी कचरा भरला आणि घरी गेले, यांच्या डोक्यात तो नसलेला रकाना राहिला. पुढे प्लिमथला शिकवायला लागल्यावर त्यांनी विद्यार्थ्यांना किनाऱ्यावरचा सगळ्यात लहान प्लास्टिकचा तुकडा शोधून आणायला सांगितलं. २००४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांचा आणि सहकाऱ्यांचा लेख आला, अवघ्या एका पानाचा. मायक्रोप्लास्टिक हा शब्द जगभर गेला तो तिथून. २०२३ मध्ये त्यांना तमारा गॅलोवे आणि पेनेलोपी लिंडेक या दोघींबरोबर जपानचा ब्लू प्लॅनेट पुरस्कार मिळाला. रिकाम्या रकान्यावर माणसाचा सबंध जन्म जातो, हे मी बँकेत इतकी वर्षं रकाने भरून कधी मनात आणलं नव्हतं.

त्या एका पानामागे एक जुनी गंमत आहे आणि मला ती सगळ्यात आवडली. माळाच्या टोकाला, किल्ल्याला लागून, समुद्रजीवशास्त्राची जुनी प्रयोगशाळा आहे, १८८८ सालची. आत जायला मिळालं नाही, बाहेरूनच बघितली. प्लवकं, म्हणजे समुद्राच्या पाण्यात तरंगणारे बारीक जीव, मोजण्यासाठी १९३१ पासून मालवाहू जहाजांच्या मागे बांधून ओढत नेली जाणारी एक धातूची पेटी असते. पाणी तिच्या तोंडातून शिरतं, आत रेशमाच्या जाळीचा पट्टा हळूहळू सरकतो आणि जे अडकेल ते त्यावर गुंडाळलं जातं. ते पट्टे प्लिमथला जपून ठेवलेत. थॉम्पसन यांच्या गटाने जुने पट्टे पुन्हा उलगडले, आणि साठच्या दशकापासून नव्वदीपर्यंत कृत्रिम धागे वाढत गेलेले दिसले. म्हणजे ज्यांनी ते जपले त्यांना प्लास्टिकचं काही पडलेलं नव्हतं, त्यांनी फक्त काही टाकून दिलं नाही. पुढे, २०१९ मध्ये, कुणीतरी पेटी बिघडल्याच्या जुन्या नोंदी वाचायला घेतल्या. १९५७ मध्ये आइसलँडजवळ तिच्यात मासेमारीचा दोर अडकला होता, १९६५ मध्ये आयर्लंडजवळ प्लास्टिकची पिशवी. आमच्या ऑफिसात असल्या नोंदी दहा वर्षांनी रद्दीत जायच्या.

आता ट्रेगँटल. तिथली सकाळ हीच खरी सहल, बाकी सगळं तोंडी लावायला.

ट्रेगँटल पलीकडच्या काठाला, कॉर्नवॉलमध्ये. मैत्रिणीची गाडी मागून आणली होती. टेमर नदी ओलांडायला टॉरपॉइंटची फेरी आहे आणि ती साखळदंडांवरून स्वतःला ओढत जाते. मजा म्हणजे कॉर्नवॉलमध्ये शिरायला पैसे नाहीत, बाहेर पडायला आहेत. माहेरून निघताना पाय जड होतो तो फुकट, इथे त्याचे पैसे पडतात. किनारा एका लष्करी किल्ल्याखाली आहे. गोळीबाराचा सराव असेल तेव्हा लाल बावटे लागतात आणि खाली उतरता येत नाही. आमच्या नशिबाने बावटे नव्हते. उतरण मात्र जीव काढणारी, आणि चढताना काय होईल ते मला उतरतानाच दिसत होतं.

थंडी म्हणून मी लंडनच्या सेलमध्ये घेतलेला गुलाबी स्वेटर घातला होता. मऊ, लवदार, शंभर टक्के ॲक्रिलिक. गाडीतून उतरल्यावर भाचीने माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा पडला. "मावशी, आज हाच घालायचा होता?" मग तिने मला वाऱ्याच्या खालच्या अंगाला, तिच्यापासून लांब, एका खडकावर बसवलं आणि जागचं हलू नकोस असं बजावलं. साठी उलटलेल्या मावशीला! तिने स्वतः गर्द नारिंगी सुती कोट चढवला. नमुन्यात तिचाच धागा पडला तर रंगावरून ताबडतोब ओळखता यावा म्हणून नारिंगी. स्टीलचा चमचा, स्टीलच्या चाळण्या, काचेच्या बरण्या, झाकणाखाली ॲल्युमिनियमची फॉइल. प्लास्टिक शोधायला आलेल्या बाईच्या पिशवीत प्लास्टिकचं एक बूच नाही. शिवाय एका उघड्या काचेच्या बशीत ओला गाळण-कागद नुसताच ठेवलेला. त्यावर हवेतून जे पडेल ते नंतर हिशेबातून वजा करायचं.

मी फुगून बसले होते, खोटं कशाला सांगू. मग ती वाळूत गुडघे टेकून काम करता करता मोठ्याने बोलायला लागली. २०१६ मध्ये तिच्याच विद्यापीठात इमोजेन नॅपर आणि थॉम्पसन यांनी धुलाई यंत्रात वेगवेगळे कपडे धुऊन सांडपाण्यातले धागे मोजले. सहा किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यात सात लाखांहून जास्त धागे सुटण्याचा अंदाज निघाला. त्याच नॅपरबाईंना पुढे एव्हरेस्टवर ८,४४० मीटर उंचीच्या बर्फातही धागे सापडले, बहुतेक पॉलिएस्टरचे. कपडे, तंबू, दोर. "आणि तू माझ्या बरणीवर वाकून बघणार होतीस," ती म्हणाली.

भरतीच्या रेषेवर शेवाळाचा काळा पट्टा होता. लांबून स्वच्छ, सोनेरी, फोटो काढावा असा किनारा. तिने शेवाळ बाजूला सारलं आणि मला बोलावलं (स्वेटर काढून, कुडकुडत गेले). वाळूत साबुदाणा सांडला होता. पांढरा, थोडा पिवळट, अर्धपारदर्शक. हे नर्डल्स. प्लास्टिकच्या वस्तू बनवायचा कच्चा माल असाच दाण्यांच्या रूपात जगभर जातो आणि जहाजातून, गोदामातून सांडतो. मे २०२५ मध्ये केरळजवळ एमएससी एल्सा ३ हे जहाज बुडालं तेव्हा तिरुअनंतपुरमच्या किनाऱ्यावर हेच दाणे पसरले होते, ते मी टीव्हीवर बघितलं होतं. टीव्हीवर ते 'तिकडचं' असतं. इथे माझ्या नखात एक अडकला होता.

मग तिने त्यातला एक दाणा उचलून उन्हात धरला. हा गुळगुळीत नव्हता, अंगावर आडवे वळे होते. हे नर्डल नाही. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या काही केंद्रांच्या टाक्यांत असे लाखो मणी सोडतात, त्यांच्या वळ्यांवर जिवाणूंचा थर वाढतो आणि तो पाणी साफ करतो. जाळी फाटली की मणी समुद्रात. पाणी स्वच्छ करायला वापरलेली वस्तूच किनाऱ्यावर पडलेली! मी तावातावाने बोलायला लागले तर ती म्हणे, "मावशी, नंतर. मला अजून हा वाळूचा चौकोन तपासून पूर्ण करायचाय."

वर चढताना कुत्रा घेऊन आलेले एक आजोबा भेटले. ते लेगो शोधत होते. फेब्रुवारी १९९७ मध्ये टोकियो एक्सप्रेस जहाजावरून लाटेने कंटेनर पडले, त्यातल्या एकात लेगोचे जवळपास ४८ लाख तुकडे होते आणि योगायोगाने बरेचसे समुद्राच्या विषयाचेच. ते आजही लागतात. आजोबांना काळा ऑक्टोपस हवा होता. माझा गुडघा, त्यांचा ऑक्टोपस आणि हवा यावर आमची छान दहा मिनिटं गेली. या देशात हवेवर बोलायला ओळख लागत नाही.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळा. वाळू मिठाच्या दाट पाण्यात घुसळतात. वाळू बसते, प्लास्टिक वर येतं, वरचं पाणी गाळतात आणि तो कागद सूक्ष्मदर्शकाखाली. तिने मला डोळा लावू दिला (तिचा दुसरा नारिंगी कोट घालून). एक सुंदर निळा धागा, वेटोळा. मी ओरडलेच, "सापडलं!" तिने तो यंत्राखाली सरकवला. त्यावर अवरक्त किरण सोडतात, कोणत्या लहरी शोषल्या गेल्या त्याचा आलेख येतो आणि तो ओळखीच्या पदार्थांच्या आलेखांशी ताडतात. उत्तर आलं सेल्युलोज. कुणाच्या तरी जीन्सचा कापूस. नोंद केली आणि बाद. माझा इतका हिरमोड झाला! ती मात्र खूश. २००४ च्या त्या लेखातही संशयित कणांपैकी सुमारे एक तृतीयांशच प्लास्टिक ठरले होते, बाकीचं त्यांनीच बाजूला काढलं.

माझ्या फोनवर मागे एक मेसेज आला होता, माणूस दर आठवड्याला क्रेडिट कार्डाएवढं, म्हणजे पाच ग्रॅम प्लास्टिक खातो. मी तो मोठ्या काळजीने तिला पाठवला होता आणि तिने उत्तर दिलं नव्हतं. आता कळलं का ते. नंतरच्या हिशेबांत तो आकडा कित्येक पटींनी फुगलेला निघाला. "असले आकडे पसरवणाऱ्यांमुळे आमचे खरे आकडे कुणाला मोठे वाटत नाहीत," एवढं एकच वाक्य ती चिडून बोलली. बाकी वेळ शांत. ताईच्या माहितीसाठी: शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी संपते, त्यापुढे कुठे ते ठरलेलं नाही, आणि हो, जेवते. लाडू मात्र सगळे तिच्या प्रयोगशाळेतल्या मुलांनी संपवले.

शेवटच्या संध्याकाळी बार्बिकनमध्ये, जुन्या बंदरावर, जेवायला गेलो. तिने शिंपल्या मागवल्या. मी रत्नागिरीची, तिसऱ्यांवर वाढलेली, पण एवढं सगळं ऐकल्यावर माझा घास अडला. शिंपल्या पाणी गाळूनच जगतात, मग त्यांच्या पोटात काय असेल! ती मजेत खात होती. २०१८ मध्ये एडिनबरातल्या संशोधकांनी हेच मोजलं, म्हणाली. शिंपल्यांतून वर्षाकाठी माणसाच्या पोटात जातात त्याहून कितीतरी जास्त धागे जेवताना हवेतल्या धुळीतून ताटात पडतात. गालिचे, पडदे, कपडे. मग तिने माझ्या बाहीकडे बघितलं आणि आपलं ताट तिच्या बाजूला ओढून घेतलं.

मी खाल्ल्या. ताज्या होत्या, हे मान्य. पण साय आणि पांढरी वाईन? ना ओलं खोबरं, ना आमसूल, ना मसाला. आणि त्या एवढ्याशा वाडग्याचं बिल बघून मी मनातल्या मनात पौंडांचे रुपये करायचं सोडूनच दिलं.