तुम्ही विचारलंत म्हणून: संघातून काढता येतं, मग शाळेतून का नाही?

न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीतल्या मराठी घरांत हा प्रश्न हमखास येतो. भारतातून आलेले पाहुणेही विचारतात. "बेसबॉलमध्ये जो चालत नाही त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवतात. मग न्यूयॉर्कच्या सरकारी शाळेत नीट न शिकवणारा मास्तर वर्षानुवर्षं तिथेच कसा? द्या की शाळेलाही एक जनरल मॅनेजर, कोण राहणार नि कोण जाणार हे ठरवणारा."

प्रश्नाचा पहिला अर्धा भागच तपासून घ्यावा लागेल. बेसबॉलमध्ये कुणाला असं सहज घरी बसवता येत नाही.

समजा, मंगळवारी रात्री न्यूयॉर्कच्या मेट्स संघाचा सुरुवातीचा पिचर (चेंडू टाकणारा) दुसऱ्याच इनिंगमध्ये चोपला गेला आणि उरलेला सामना पाच रिलीव्हरांनी, म्हणजे बदली पिचरांनी, ओढून नेला. बुधवारी टाकायला ताजा हात नाही. मेजर लीगच्या संघात खेळायला सज्ज खेळाडू २६, त्यांत पिचर जास्तीत जास्त १३. म्हणजे एक पिचर वर आणायचा तर एक खाली धाडायलाच हवा. कोणाला? कामगिरी सर्वांत वाईट कोणाची, हे नंतर. आधी बघायचं की ऑप्शन कोणाकडे शिल्लक आहेत. संघाच्या हक्काच्या ४० खेळाडूंच्या यादीत (ही 'चाळीसची यादी') आल्यावर खेळाडूला साधारण तीन हंगाम मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पातळीच्या संघात, वर-खाली करता येतं; हाच ऑप्शन. एका हंगामात २० दिवस खाली काढले की त्या वर्षाचा ऑप्शन खर्ची पडतो, आणि २०२२ च्या करारापासून एका हंगामात पाचच वेळा खाली धाडता येतं. खाली गेलेला पिचर १५ दिवस परत येऊ शकत नाही, फलंदाज १० दिवस. अपवाद एकच महत्त्वाचा: कुणी जखमी झाला आणि त्याच्या जागी आणायचा असला तर. त्यामुळे काल उत्तम टाकलेला पोरगा ऑप्शन आहे म्हणून सिरॅक्यूजला, मेट्सच्या मायनर लीग संघात, जातो आणि मार खाल्लेला अनुभवी गडी ऑप्शन नाही म्हणून राहतो. प्रेक्षक बोटं मोडतात, पण मॅनेजमेंटचं डोकं फिरलेलं नसतं, यादीचं गणित तसं असतं.

आता सिरॅक्यूजहून येणारा. शहर चार तासांवर आहे, पोरगा सकाळी निघाला तर संध्याकाळी मैदानावर. पण तो चाळीसच्या यादीत हवा. नसला तर तिथे जागा करायची. कुणी दीर्घकाळ जखमी असेल तर त्याला ६० दिवसांच्या यादीत टाकलं की एक जागा सुटते (१० किंवा १५ दिवसांच्या यादीनं सुटत नाही, तिथे फक्त सव्वीसातली जागा मोकळी होते). तसा जखमी नसेल तर कुणाला तरी डीएफए करायचं, म्हणजे यादीतून उचलून अधांतरी ठेवायचं. मग संघाच्या हातात सात दिवस. तेवढ्यात त्याची अदलाबदल करा, वेव्हरवर टाका (म्हणजे इतर संघांपुढे उचलायला ठेवा) किंवा सोडून द्या. वेव्हरवर टाकलेल्यावर गुणतक्त्यात तळाशी असलेल्या संघाचा पहिला हक्क, आणि जो उचलेल त्यानं त्याचा करारही उचलायचा. कुणीच उचलला नाही तर मायनरमध्ये धाडता येतं. पण पाच वर्षं सेवा झालेल्यानं नाही म्हटलं तर तेही नाही, आणि तो उरलेला पगार पूर्ण घेऊन मोकळा होतो.

पगार हीच मेख आहे. मेजर लीगचे मोठे करार हमीचे असतात. २ मे २०२२ ला, संघांची यादी २८ वरून २६ वर यायची होती तेव्हा, मेट्सनी रॉबिन्सन कॅनोला बाजूला काढलं. त्याचा १० वर्षांचा, २४ कोटी डॉलरचा करार २०२३ अखेरपर्यंत होता. तो मूळचा सिॲटल मरिनर्सनी केलेला, आणि त्यातला काही वाटा तेच भरत होते. काढला म्हणून देणं संपलं नाही. नंतर पाद्रेसनी त्याला घेतलं, पण त्यांच्या खिशातून जायचा तो फक्त किमान पगार. बॉबी बोनिलाचं उदाहरण तर दरवर्षी १ जुलैला बातमीत असतं. २००० साली मेट्सनी त्याचे उरलेले ५९ लाख डॉलर तेव्हा द्यायचे टाळले, आणि त्या बदल्यात २०११ ते २०३५ दरसाल ११,९३,२४८ डॉलर नि २० सेंट देणं कबूल केलं. तेव्हा 'काढून टाकलं' हे ऐकताना 'पैसे मोजून काढलं' असं ऐकावं.

आता शाळा. तुम्ही सुचवता तो प्रयोग शहरात होऊन गेला आहे. २००२ साली राज्यानं कायदा बदलून न्यूयॉर्कच्या शाळा महापौरांच्या हाती दिल्या. तेव्हाचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी जुनं बोर्ड मोडीत काढलं आणि जोएल क्लाइन या वकिलाला चान्सलर, म्हणजे शाळांचा प्रमुख, नेमलं, ते २०१० पर्यंत राहिले. त्यांची कल्पना जवळजवळ तुमचीच: प्रिन्सिपलला जनरल मॅनेजर करा, पैसा आणि माणसं त्याच्या हाती द्या, निकालाला त्याला धरा.

त्यातला सर्वांत मोठा बदल २००५ च्या करारात आला, शिक्षकांच्या युएफटी या संघटनेशी झालेल्या. त्याआधी ज्येष्ठ शिक्षक सेवाज्येष्ठतेच्या बळावर दुसऱ्या शाळेतली जागा मागून घेऊ शकत होता, प्रिन्सिपलला तो हवा असो वा नसो. करारानं ते बंद केलं. यापुढे शिक्षक आणि प्रिन्सिपल दोघांची संमती हवी. माझ्या मते ब्लूमबर्ग काळातला हा सर्वांत शहाणा निर्णय. फक्त त्याचं दुसरं टोक मोकळंच राहिलं. शाळा बंद झाली किंवा पट घटला म्हणून जो जादा ठरला आणि ज्याला दुसऱ्या कुठल्या प्रिन्सिपलनं घेतलं नाही, त्याचं काय? तो राखीव फळीत गेला, पूर्ण पगारावर, बदली शिक्षकाची कामं करत. एका वेळी अशा शिक्षकांची संख्या हजारावर गेली होती. बेसबॉलमध्ये अधांतरी काळ सात दिवसांत संपतो. इथे त्याला मुदतच ठेवलेली नव्हती.

महाराष्ट्रातल्या शिक्षकांना हे सांगायला नको. ३० सप्टेंबरचा पट, संच मान्यता, अतिरिक्त ठरणं आणि समायोजन, हे चक्र त्यांच्या पाठीला ओळखीचं आहे. न्यूयॉर्कमध्ये ती तारीख ३१ ऑक्टोबर. २००७ पासून शहरानं मुलामागे पैसा द्यायची पद्धत आणली. प्राथमिकच्या साध्या मुलामागे चार हजार डॉलरच्या वर, आणि मागे पडलेल्या, इंग्रजी शिकणाऱ्या, विशेष गरजा असलेल्या मुलांमागे त्यावर वाढीव. वसंतात अंदाज बांधून पैसे देतात आणि ३१ ऑक्टोबरच्या पटावर हिशेब जुळवतात. अंदाजापेक्षा २८ मुलं कमी निघाली तर सव्वा लाख डॉलरच्या आसपास रक्कम परत जाऊ शकते, म्हणजे एका शिक्षकाचा पगार. पण ती २८ मुलं एकाच वर्गातून गेलेली नसतात. पहिलीतून चार, दुसरीतून पाच, तिसरीतून तीन अशी गळालेली असतात. एकही तुकडी रिकामी होत नाही आणि शिक्षक मात्र एक कमी करायचा. तो कोण? त्या शाळेतला, शिकवण्याच्या त्या परवान्यातला, सेवेनं सर्वांत धाकटा. तो सर्वांत चांगला शिकवत असला तरी. ऑप्शन असलेला पिचर खाली जातो तेच हे, फरक इतका की पिचर १५ दिवसांनी वर येतो.

याच पद्धतीत आणखी एक खोच आहे. शाळेच्या खात्यातून प्रत्येक शिक्षकामागे त्या शाळेचा सरासरी पगार वजा होतो. वीस वर्षं झालेल्या शिक्षकाचा पगार नवख्याच्या जवळपास दुप्पट, त्यामुळे अनुभवी माणूस घेतला की सरासरी चढते. बजेट तंग असेल तेव्हा प्रिन्सिपल नवख्याकडे झुकतो. जनरल मॅनेजर करा म्हटलं की जनरल मॅनेजरची पैसे वाचवायची खोडही सोबत येते. बेसबॉलमधलं याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे क्रिस ब्रायंट. २०१५ च्या सराव सामन्यांत त्यानं नऊ होमरन मारले, तरी शिकागो कब्जनी त्याला मायनरमध्ये ठेवलं आणि १७ एप्रिलला वर आणलं. सेवेचं एक वर्ष म्हणजे १७२ दिवस, आणि त्याचे भरले १७१. त्या एका दिवसामुळे तो हव्या त्या संघाशी करार करायला २०२० ऐवजी २०२१ नंतर मोकळा झाला. त्यानं केलेली तक्रार लवादानं फेटाळली. नियमांत राहूनच केलं होतं सगळं.

आता मूळ प्रश्नाचा गाभा: कोण चालत नाही हे कळतं कसं? बेसबॉलमध्ये आकडे इतके असतात की आपल्याला वाटतं कळणं सोपं. तरी हिशेब करून बघा. खऱ्या ताकदीनं २७० चा फलंदाज घेतला (दर हजार संधींत २७० हिट) तर १०० संधींत त्याची सरासरी निव्वळ नशिबानं २२५ किंवा ३१५ दिसू शकते. एकाला आपण घरी धाडा म्हणू, दुसऱ्याला ऑल-स्टार. माणूस तोच. म्हणून जाणता संघ महिन्याभराच्या सरासरीवर निर्णय घेत नाही. चेंडू बॅटवरून किती वेगानं सुटतो, वाईट चेंडूला किती वेळा हात घालतो, हे पाहतो, कारण ते आकडे लवकर स्थिरावतात.

शिक्षकाच्या हाताशी वर्षाला पंचवीस-तीस मुलं आणि राज्याची एक परीक्षा. शहरानं चौथी ते आठवीच्या गणित-इंग्रजीच्या शिक्षकांची अशी क्रमवारी काढली होती. फेब्रुवारी २०१२ मध्ये कोर्टाच्या निकालानंतर सुमारे १८,००० शिक्षकांचे आकडे नावांसह जाहीर झाले. त्यात चूक होण्याची कक्षा (खरं स्थान किती वर-खाली असू शकतं ती) सरासरीनं गणितात ३५ आणि इंग्रजीत ५३ पर्सेंटाइल. म्हणजे इंग्रजीचा मधोमध दाखवलेला शिक्षक जवळपास तळाचाही असू शकतो, जवळपास माथ्याचाही. वर्तमानपत्रांनी नावं छापली, पालकांनी ती वाचली. माझ्या लेखी तो शुद्ध उतावळेपणा होता. ती पद्धतही टिकली नाही. चांगल्या निकालाच्या शाळांना दर शिक्षकामागे ३,००० डॉलर बक्षीस द्यायची योजनाही २०११ मध्ये गुंडाळली, कारण अभ्यासांत मुलांच्या गुणांवर तिचा परिणाम दिसेना.

काढणं मुळीच शक्य नाही असंही नाही. नवा शिक्षक आधी तीन वर्षं प्रोबेशनवर असे, जुलै २०१५ पासून लागलेल्यांना चार. त्या काळात प्रिन्सिपल त्याला बरंच सहज सोडू शकतो, आणि तिथे पूर्वी आळस व्हायचा. वर्षातून दोनदा वर्गात डोकवायचं, 'समाधानकारक' लिहायचं आणि टेन्यूअर (नोकरीतला कायमपणा) मिळू द्यायचं. त्यानंतर काढायचं तर राज्याच्या कायद्याप्रमाणे सुनावणी, तारखा, वकील. २०१० पूर्वी आरोप असलेले सहाशेच्या आसपास शिक्षक पूर्ण पगारावर वेगळ्या खोल्यांत नुसते बसून असत. 'रबर रूम' म्हणून त्या कुप्रसिद्ध झाल्या आणि एप्रिल २०१० मध्ये समझोता होऊन पुढे बंद झाल्या. सुनावणीला दात का आले, तेही पाहा. मे १९६८ मध्ये ब्रुकलिनच्या ओशन हिल-ब्राउन्सव्हिल भागातल्या स्थानिक मंडळानं १३ शिक्षक आणि ६ अधिकाऱ्यांना पत्र पाठवून दुसरीकडे जायला सांगितलं. त्या शरदात शहरभर शिक्षकांचा संप झाला, शाळेचे ३६ दिवस बुडाले. पुढच्याच वर्षी कर्ट फ्लड या बेसबॉलपटूनं सेंट लुईसहून फिलाडेल्फियाला न विचारता झालेली आपली बदली नाकारली. २०२२ चा ऑप्शनचा नियम असो की टेन्यूअरची सुनावणी, दोन्हीकडच्या नियमांच्या वह्या त्याच काळातल्या भांडणांतून जाड झाल्या.

शेवटचा फरक मला सर्वांत मोठा वाटतो. सिरॅक्यूजला कुणीतरी तयार बसलेला असतो. शहराच्या शाळेत विशेष शिक्षणाची किंवा द्विभाषिक वर्गाची जागा नोव्हेंबरात रिकामी झाली तर मागे कोण आहे? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्यात २०२२ च्या राज्य कायद्यानं वर्ग लहान करायचे आहेत: तिसरीपर्यंत २०, आठवीपर्यंत २३, पुढे २५. त्याला हजारो शिक्षक जास्त लागतील. अशा वेळी कोणाला काढायचं यापेक्षा नवखा दुसऱ्या वर्षी सोडून का गेला, हे विचारणं जास्त कामाचं. मोठ्या, ढासळलेल्या हायस्कूलांच्या जागी छोटी हायस्कूलं उघडली, तिथे चिठ्ठ्या टाकून प्रवेश मिळालेल्यांची न मिळालेल्यांशी तुलना करणाऱ्या अभ्यासात हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ९ टक्के अंकांनी वर दिसलं.  तिथे मूल शिक्षकाच्या ओळखीचं झालं होतं.

आणि तुम्ही पालक असाल तर करण्यासारखं एक आहे. राज्याच्या कायद्यानं प्रत्येक शाळेत लीडरशिप टीम असते, त्यात पालक आणि कर्मचारी समसमान, प्रिन्सिपल आणि युएफटीचा शाळेतला प्रतिनिधी हमखास. तिच्या सभेला बसा आणि चार गोष्टी विचारा: प्रोबेशनवर किती शिक्षक, गेल्या वर्षी किती गेले, नवख्याच्या वर्गात महिन्याला कोण जातं, आणि पट अंदाजापेक्षा किती खाली आहे. हे ऑक्टोबरच्या सभेत विचारा. ३१ तारखेनंतर पटाचा आकडा बांधला जातो.