चपलेतला खडा आणि गोमुखाची वाट

नीरास्नान आटोपून पालखी पाडेगावला आली आणि आम्ही सातारा जिल्ह्यात पाऊल ठेवले, तेव्हा माझ्या मनात माउलींपेक्षा माझ्या उजव्या टाचेचाच विचार अधिक होता, हे आधीच कबूल केलेले बरे. सासवड सोडल्यापासून टाच हुळहुळत होती, जेजुरीपुढे तिला फोड आला आणि लोणंदच्या मुक्कामात तो फुटला. दोष नव्या चपलेचा आहे असे मी धरून चाललो होतो आणि फलटणला पोहोचताच दुसरा जोड घ्यायचा, असे ठरवूनही टाकले होते.

लोणंदहून तरडगावला जाताना चांदोबाच्या लिंबाशी पहिले उभे रिंगण होते. अश्व धावले, त्यांच्या टापांखालची माती कपाळी लावायला माणसे लोटली आणि त्या गर्दीत पाय सांभाळत मी कडेला बाभळीखाली बसलो. आमच्या दिंडीत माण तालुक्यातल्या एक मावशी होत्या; वय सत्तरीच्या आसपास, ही त्यांची एकोणिसावी वारी. त्यांनी न विचारताच माझी चप्पल हातात घेतली, बोटाने आतून चाचपली आणि गळ्यातल्या पोतीला अडकवलेल्या पिनेने टाचेच्या जागी रुतलेला मुरमाचा एक खडा उकरून काढला. हरभऱ्याएवढाही नव्हता, एका अंगाला मात्र धार होती.

“गुरुजी, चप्पल कशाला बदलताय? चप्पल मऊच हाय. घासत हुता तो खडा.”

मी बत्तीस वर्षे भूगोल शिकवला. हिमनदीचे खननकार्य, मग संचयनकार्य; फळ्यावर इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी दरी, तिच्या माथ्याशी आरामखुर्चीसारखे हिमगव्हर, दोन हिमगव्हरांमध्ये उरलेला शुककूट, म्हणजे धारदार कडा, आणि बाजूला मुख्य दरीच्या तळापेक्षा उंचावर संपणारी लोंबती दरी. ‘बर्फ खडक कापतो’ असे मी दर वर्षी सांगत असे, आणि मुले ते तसेच लिहीत असत. प्रत्यक्षात बर्फ खडकापेक्षा कितीतरी मऊ असतो. थर साचत साचत सुमारे ५० मीटरपेक्षा जाड झाला की खालचा बर्फ स्वतःच्या भाराने मळलेल्या कणकेसारखा सरकू लागतो, आणि त्याच्या तळाशी गोठून बसलेले दगडधोंडे खालच्या कातळावर घासले जातात. शिवाय कातळाच्या फटीत शिरलेले पाणी गोठून बर्फाला जखडते, आणि बर्फ पुढे निघाला की कातळाचे ढलपेच्या ढलपे उपटून नेतो. हे सारे पुस्तकात होते. पण ‘चप्पल मऊच हाय’ इतक्या सरळ शब्दांत मला ते वर्गात कधी सांगता आले नव्हते.

ते मी मावशींना बोलून दाखवले, तर त्यांनी मलाच कोड्यात टाकले. काही वर्षांपूर्वी गावच्या बसने त्या चारधामला जाऊन आल्या होत्या. केदारनाथाच्या देवळामागे महापुरात येऊन थांबलेला तो प्रचंड धोंडा, ज्याला लोक भीमशिला म्हणतात, त्यांनी हात लावून पाहिला होता.

“तेवढा धोंडा पाण्यानं आणला म्हणत्यात. पाण्यात एवढा जोर कुठनं आला वो?”

मी तालीचे, म्हणजे शेताच्या बांधाचे, उदाहरण घेतले, कारण माणच्या शेतकरी बाईला ताल फुटणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. हिमनदी सोबत आणलेला दगड, वाळू, चिखल असा सगळा राडा कडेला आणि तोंडाशी टाकत जाते. त्याला हिमोढ म्हणतात. त्याचे उंच बांध होतात, पण ते कोणी चोपलेले नसतात आणि त्यांत दगडाला दगड धरून नसतो. केदारनाथच्या वर सुमारे दोन किलोमीटरवर चोराबारी हिमनदीच्या कडेला अशाच बांधाआड एक तळे साचले होते. २०१३ च्या जून महिन्यात अतिवृष्टीने ते तुडुंब भरले आणि १७ तारखेच्या सकाळी बांध फुटला. खाली आले ते नुसते पाणी नव्हते. वाटेतला सैल हिमोढ उचलत आलेला घट्ट लगदा होता, आणि लगद्यात धोंडे तरंगल्यासारखे येतात. देऊळ ज्या सपाटीवर उभे आहे ती सपाटीही अशाच जुन्या गाळादगडांची आहे. एवढ्या उंचीवर, ३,५०० मीटरच्या वर, सपाट जागा माणसाला हिमनदीनेच करून दिलेली असते, आणि म्हणून वस्तीही तिच्याच वाटेवर होते.

सेवानिवृत्तीनंतर मी स्वतः गंगोत्रीहून १८ किलोमीटर चालून गोमुखापर्यंत गेलो होतो. सुमारे ३० किलोमीटर लांबीच्या हिमनदीचे तोंड पाहायचे म्हणून मनात शुभ्र काहीतरी धरून गेलो, आणि समोर उभी राहिली ती वीटभट्टीच्या राखेच्या रंगाची, दगडांनी लडबडलेली मळकी भिंत. तेव्हा थोडी निराशा झाली होती, हे लपवत नाही. त्या मळातच तिचे सारे काम आहे, हे मला बाभळीखाली बसून उमगले.

तरडगावच्या पुढे फलटणपर्यंतची मजल मोठी आहे, वीस किलोमीटरच्या आसपास. दुपारच्या विसाव्यात मावशींनी विषय पुन्हा काढला. जात्याचा दगड गुळगुळीत झाला की पीठ पडत नाही, पाथरवटाला बोलावून टाकी लावून घ्यावी लागते. मग बर्फाखालचे दगड घासून गुळगुळीत झाले तर त्यांना टाकी कोण लावतो? प्रश्न अगदी नेमका होता. उत्तर असे की, दोन्ही बाजूंच्या कड्यांच्या भेगांत पाणी रात्री गोठते, फुगते, दिवसा वितळते, आणि या उघडझापीत नवे धारदार दगड सुटून हिमनदीवर पडत राहतात. त्यांतले काही भेगांतून तळाशी पोहोचतात. शिवाय उपटून काढलेले ढलपे असतातच. जाते जुने, पण दगड रोज नवा.

“आन् पीठ?”

पीठही पडते. ते इतके बारीक असते की पाण्यात लवकर बसत नाही. म्हणूनच गोमुखातून निघणारी भागीरथी राखाडी, दुधाळ दिसते. तोच गाळ पुढे मैदानापर्यंत जातो.

वाटेत एका नांगरट झालेल्या रानात धनगराने मेंढ्या बसवल्या होत्या. रात्रभर कळप बसला की रानाला लेंडीखत मिळते आणि धनगराला धान्य किंवा पैसे. घासून गोलसर झालेल्या, दुरून बसलेल्या मेंढीसारख्या दिसणाऱ्या कातळाला आमच्या पुस्तकात ‘मेषशिला’ म्हणत. हा शब्द मी मेंढरांच्या मुलखात वर्षानुवर्षे उच्चारला आणि एकदाही मुलांना खिडकीतून बाहेर बघा म्हणालो नाही. आमचे धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात; हिमालयातले मेंढपाळ बर्फ वितळले की वर बुग्याळांत, म्हणजे झाडांच्या सीमेवरच्या गवताळ माळांवर चढतात आणि थंडीआधी उतरतात. चाल तीच, दिशा उलटी.

दक्षिणेला महादेवाचे डोंगर दिसत होते, सपाट माथ्याचे, पायऱ्यापायऱ्यांचे. हेही बर्फानेच तासले का, असे दिंडीतल्या एका तरुणाने विचारले. मुलेही ठोसेघरचा धबधबा पाहून आली की उत्तरपत्रिकेत बिनदिक्कत ‘लोंबती दरी’ लिहीत असत. नाही; हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे, थरावर थर साचलेला, आणि त्याला पावसाने व नद्यांनी कोरले. महाराष्ट्रात बर्फाची खूण पाहायची तर चंद्रपूरकडे, पैनगंगेकाठी इरईजवळ जावे लागते. तिथल्या चुनखडकावर सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीच्या हिमनदीचे ओरखडे आहेत. तेव्हा आपला भूभाग दक्षिण ध्रुवाकडे होता आणि साताऱ्याचा हा काळा कातळ जन्मलाही नव्हता.

फलटणला कालव्याच्या कडेने जाताना तो तरुण, जो स्वतः ऊस लावतो, पाण्याच्या पाळीवरून तक्रार करू लागला. भाटघर आणि वीर धरणांत पश्चिमेचा पाऊस अडवून नीरा उजव्या कालव्याने इकडे आणला, म्हणून या कमी पावसाच्या पट्ट्यात ऊस उभा आहे. लडाखात हेच काम हिमनदी करते. लेहला वर्षाला पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर. जव, भाजी, जर्दाळू सारे वितळलेल्या पाण्यावर, आणि ते पाणी कोणाच्या शेताला कधी द्यायचे हे गावाने नेमलेला ‘चुरपोन’ ठरवतो, अगदी आपल्या पाटकऱ्यासारखा. अडचण अशी की पेरणी वसंतात असते आणि उंचावरची हिमनदी उशिरा, जूनच्या सुमारास पुरेशी वितळते. चेवांग नोरफेल नावाच्या अभियंत्याने हिवाळ्यात वाया जाणारे पाणी गावाजवळच्या सावलीच्या घळीत बांधांआड पसरून गोठवले. तो बर्फ खालच्या उंचीवर असल्याने आधी वितळतो आणि पेरणीला सापडतो. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

“म्हंजी त्यांनी बर्फाचा शेततलाव केला,” तरुण म्हणाला, आणि त्याने विचारले की तिथे पाळीवरून भांडणे होतात का. चुरपोन नेमावा लागतो त्या अर्थी होत असणार, असे मी सांगितले.

बरडचा मुक्काम झाला. धर्मपुरीला सोलापूर जिल्हा लागतो. तिथवर येता येता मावशी कोणा नव्या बाईला केदारनाथाचा धोंडा समजावून सांगत होत्या. त्यांच्या सांगण्यात ताल होती, जाते होते, माझी चप्पलही होती. त्यांचा नातू नववीत आहे. त्याला हे शाळेत शिकवत नाहीत का, असे त्यांनी मागे वळून मला विचारले.

शिकवतात, मी म्हणालो, आणि व्याख्या त्याला पाठही असेल.